रावजी हवालदाराचा हेवा

फार वर्षांमागं, कुसूरपेठेत वीज यायच्याही आधी, रावजी आणि बयाजी नावाचे दोन जिवलग पलटणीत भरती झाले. बोटीत बसून ते पार बसऱ्याच्या मुलखात लढाईला गेले. परत आला तो एकटा रावजी.

आल्या दिवशी त्यानं चावडीपुढं सांगितलं, "आम्ही खंदकात तीन दिवस पाण्यावाचून पडलो होतो. बयाजी गोळ्यांच्या पावसात सरपटत नदीवर गेला. पखाल भरून आणली, सगळ्यांना पाजलं, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेला." पेठ ढसाढसा रडली. चौकात शिळा बसली, तिच्यावर बयाजीचं नाव कोरलं.

बयाजीची बायको सोनाबाई ऐन तारुण्यात उघडी पडली. मरताना बयाजीनं रावजीला 'तिला सांभाळ' म्हटलं होतं. रावजीनं रीतीप्रमाणे तिच्याशी पाट लावला आणि गोटीसोड्याचा कारखाना टाकला. धंदा असा चालला की सात गावच्या जत्रांना रावजीचाच सोडा जाई. असं म्हणतात, त्याची बाटली गोटी दाबून फोडली की तिसऱ्या गल्लीत ऐकू यायची.

पण गिऱ्हाईक बाटली तोंडाला लावायचं आणि विचारायचं, "हवालदार, बयाजीची गोष्ट सांगा की!" लग्नात बयाजीची गाणी. पोरांची नावं बयाजी. पितृपक्षात सोनाबाई पहिलं पान बयाजीचं वाढायची, आणि त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जी माया दिसायची ती रावजीला कधी मिळाली नाही. रावजीचे केस पिकले, दात पडले. बयाजी मात्र बावीस वर्षांचाच राहिला. त्याच्याशी भांडता येत नव्हतं, त्याला हरवता येत नव्हतं. असं म्हणतात, रावजी शिळेवरून जाताना तोंड फिरवायचा आणि तरी त्याच्या घशाशी आंबट यायचं.

तीस वर्षं हा हेवा त्यानं पोसला. मग चैत्रातल्या बाजारात, भर दुपारी, तो म्हणाला, "आता खरं सांगतो. पाणी मी आणलं होतं. मेलेल्याचं नाव व्हावं म्हणून बयाजीचं सांगितलं."

लोकांनी तोंडात बोटं घातली. केवढं मोठं मन! हार आले. शिळेवर रावजीचं नाव कोरायला पाथरवट बोलावला.

घरी सोनाबाईनं विचारलं, "मला खरं सांगा. पाणी कुणी आणलं?"

"सांगितलं ना बाजारात."

ती एवढंच बोलली, "त्यांना एकदा शत्रूनं मारलं. आता तुम्ही मारताय."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या एकाही बाटलीची गोटी खाली जाईना. लोकांनी अंगठे लावले, लाकडी दट्टे लावले, पाथरवटानं आपला हातोडा घातला. काच फुटेना, गोटी हलेना. तीन बाजार गेले. उन्हाळा तापला, जत्रा आल्या, आणि शेकडो भरल्या बाटल्या समोर असून माणसं तहानलेली परतली. असं म्हणतात, रावजीची स्वतःची जीभसुद्धा टाळूला चिकटली, खंदकात चिकटली होती तशी.

चौथ्या बाजारी तो काठी टेकत शिळेपाशी गेला. नाव कोरायला बसलेल्या पाथरवटाच्या हातची छिन्नी त्यानं काढून घेतली.

"ऐका रे," तो ओरडला. "पाणी बयाजीनंच आणलं. मी खंदकात पडून रडत होतो. पहिला घोट त्यानं मला पाजला. त्याचं घर मला मिळालं, त्याचं आयुष्य मला मिळालं, तरी त्याचं नाव मला बघवलं नाही. मी हेव्यानं खोटं बोललो."

शेवटचा शब्द निघाला आणि कारखान्यात सगळ्या गोट्या एकदम सुटल्या. तोफखाना सुटल्यासारखा आवाज झाला. फेस गल्लीतून वाहत चौकापर्यंत आला, आणि अनवाणी माणसं त्यात उभी राहून हसली. सोनाबाईनं पुढं होऊन रावजीचा हात धरला आणि त्याला घरी नेलं.

त्यानंतर रावजी पुष्कळ जगला. कुणी शंभर म्हणतं, कुणी एकशे सात. म्हातारपणी कुणी विचारलं, "बाबा, हेवा गेला का हो?" की तो म्हणायचा, "जातोय कुठला! पण बयाजीचं नाव मी मोठ्यानं घेतलं की तेवढ्यापुरता गप्प बसतो."

तो गेला तो दिवस पेठ अजून पाळते. त्याला रावजीचा दिवस म्हणतात. त्या दिवशी ज्यानं दुसऱ्याचं श्रेय घेतलं असेल त्यानं चौकात उभं राहायचं आणि खऱ्या माणसाचं नाव सांगायचं. कुणी हसायचं नाही, कुणी नंतर टोचून बोलायचं नाही.

गेल्या वर्षी पाटलांच्या थोरल्या सूनबाई उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "वीस वर्षं माझ्या लोणच्याचं कौतुक झालं. लोणचं धाकटी घालते."

गर्दीत मागं उभी असलेली धाकटी जाऊ पदर तोंडाला लावून रडत होती.