डुरक्या की घोणस?

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी भातशेतीचं एक गाव होतं आणि त्या गावाला उंदरांनी सळो की पळो करून सोडलं होतं. खळ्यातलं भात, कणगीतले तांदूळ, बियाण्याची गाठोडी, काही म्हणून शिल्लक राहत नसे. लोकांनी मांजरं आणून पाहिली, पण ती दूध पिऊन चुलीपाशी झोपून गेली. शेवटी गावानं साप पाळले. पाळले म्हणजे काय, तर मारायचे सोडून दिले.

तरी सगळेच साप घरात ठेवण्याजोगे नसतात. म्हणून गावानं एक रीत घालून दिली. अंगणात साप दिसला की त्यावर मोठी टोपली पालथी घालायची, वर दगड ठेवायचा आणि राखणदाराला हाक मारायची. राखणदारानं यायचं, साप पाहायचा आणि एकच शब्द बोलायचा: ‘घरचा’ किंवा ‘रानचा’.

रानचा म्हणजे विषारी. त्याला राखणदार लांब काठीनं मडक्यात घाली आणि दूरच्या माळावर सोडून येई. घरचा म्हणजे बिनविषारी: धामण, कवड्या, डुरक्या घोणस, असलं कुणी. मग ऊन वर आलं की घरची बाई हळदकुंकू वाही आणि आपल्या हातांनी साप उचलून भाताच्या पेंढ्यांच्या ढिगात, म्हणजे उडवीत, सोडी. ज्याच्या हाताची ओळख झाली त्याचं घर साप सोडत नाही, अशी त्या गावाची पक्की समजूत होती.

सगळं गाव राखणदाराच्या एका शब्दावर सापाच्या अंगाला हात लावायचं, त्यामुळे त्या शब्दाला मान मोठा. आणि नियमही कडक. एकदा बोललेला शब्द ज्यानं मागे घेतला, त्याच्या हातात गाव पुन्हा राखणदाराची काठी ठेवत नसे.

त्या वर्षी म्हातारे राखणदार भानाजी यांची नजर अधू झाली आणि काठी कुणाला द्यायची हे ठरलं. दुसरं कोण? हरबा! सात वर्षं तो भानाजींच्या मागे मागे हिंडला होता. नुसत्या कातीवरून साप सांगायचा. धुळीतल्या वळणावरून साप कुठे गेला तेही सांगायचा. खोट एवढीच, की गड्याची जीभ डोळ्यांच्या पुढे धावायची.

“डोकं, पाठ, शेपूट,” भानाजी त्याला रोज बजावायचे. “तिन्ही बघितल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई.”

“पाठ हाय मला आबा, झोपेतसुद्धा म्हणून दाखवतो,” हरबा म्हणायचा. आणि खरंच म्हणून दाखवायचा.

काठी द्यायचा दिवस आला. पौषातली थंडी अशी, की दातांवर दात आपटत होते. देवळासमोर मांडव पडला होता, पाटलांनी नवा फेटा काढून ठेवला होता, शेजारच्या गावाहून ताशेवाले आले होते. हरबाला रात्रभर झोप नव्हती. सात वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस दारात उभा होता, आणि त्याला तर वाटेना की आपले पाय जमिनीवर आहेत!

तेवढ्यात ओढ्यापलीकडून हाक आली. सारजाच्या अंगणात साप निघाला होता. सारजाचा नवरा मिठाच्या खेपेला गेलेला, घरात ती आणि तिचं रांगतं पोर, दोघंच.

भानाजींना आता दिसत नव्हतं, म्हणून हरबाच धावत गेला. अजून पुरतं फटफटलं नव्हतं. त्यानं टोपलीची कड चार बोटं उचलली आणि वाकून आत पाहिलं. तपकिरी, जाड, ठिपक्यांची पाठ. साप ढिम्म पडून होता. विषारी घोणस असती तर एव्हाना लोहाराच्या भात्यासारखी फुसफुसली असती, हरबा मनात म्हणाला. आणि नेमका तेव्हाच पलीकडे ताशा कडकडला.

“घरचा!” त्यानं टोपली खाली सोडली. “डुरक्या हाय. नशीब काढलंस सारजा, उंदरांचा काळ आलाय तुझ्या दारात.”

“ऊन आलं की सोडते उडवीत,” सारजा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की हरबाला वाटलं, राखणदार व्हावं ते याचसाठी.

परत येऊन तो पिंपळाखाली न्हाव्यापुढे मांडी घालून बसला. काठी घेणाऱ्याची दाढी गुळगुळीत हवी, हा पाटलांचा हुकूम. न्हाव्यानं साबण फासला, डावा गाल स्वच्छ केला आणि त्याच्या तोंडाची टकळी सुरू झाली.

“राखणदार, एक इचारू का? तुमची ती डुरक्या आन् घोणस. दोन्ही जाड, दोन्ही तपकिरी, दोघांच्या अंगावर ठिपके. तुमी वळखता तरी कसं?”

असा प्रश्न, आणि तोही आजच्या दिवशी! हरबा फुलून गेला.

“सोपं हाय. घोणशीचं डोकं तिकोनी, मान बारीक. डुरक्याचं डोकं आन् मान येकसारखी. घोणशीच्या पाठीवर ठिपक्यांच्या तीन ओळी, साखळीवानी एकामागं एक. डुरक्याचे ठिपके वेडेवाकडे, एकमेकांत घुसलेले. आन् शेपूट! घोणशीचं निमुळतं, डुरक्याचं आखूड आन् बोथट. शेपूट बघितलं की सवालच मिटला.”

“वा!” न्हावी वस्तरा पुसत म्हणाला. “म्हंजी आजच्याचं शेपूट बोथट व्हतं म्हणा की.”



शेपूट हरबानं पाहिलंच नव्हतं. डोकंही नव्हतं पाहिलं. पाहिली होती ती वीतभर पाठ, तीही अंधारात. आणि ते ठिपके? त्यानं डोळे मिटून आठवून पाहिलं. काळपट, गोल, एकामागं एक. ओळीत होते का ते? आणि तो साप फुसफुसला नाही, हेही आता त्याला वेगळंच दिसू लागलं. असल्या थंडीत फुसफुसणार कोण? गारठलेली घोणस लाकडासारखी पडून राहते, हे त्यानंच गेल्या वर्षी पोरांना सांगितलं होतं. ऊन लागलं की मात्र जागी होते.

हरबानं वर पाहिलं. पिंपळाच्या शेंड्यावर ऊन आलं होतं.

समोर मांडव दिसत होता. फेटा दिसत होता. भानाजी दोन माणसांच्या आधारानं येऊन बसले होते आणि त्यांच्या मांडीवर काठी आडवी ठेवलेली होती. आत्ता उठलो तर सगळं संपलं. सात वर्षं मातीत, शिवाय जन्मभराचं हसं. आणि कशावरून ती घोणसच? डुरक्याही असेल. बहुतेक डुरक्याच असेल!

‘बहुतेक’ हा शब्द मनात आला आणि त्याला सारजाचे हात दिसले.

“हलू नका, लागंल!” न्हावी ओरडला, पण हरबा उठलासुद्धा होता. उजव्या गालावर साबणाचा फेस, अर्धी दाढी तशीच, खांद्यावरचा पंचा वाऱ्यावर. मांडवातून तो सरळ पळत गेला. ताशेवाल्यांना वाटलं मानकरी आला, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. पोरांना वाटलं खेळ आहे, तीही मागे धावली.

“सारजाऽऽ! थांऽऽब!” हरबा ओरडत होता, पण त्या ताशांच्या कडकडाटात त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना.

बांधावरून तो घसरला, उठला. ओढ्यात गुडघाभर पाणी, बर्फासारखं गार, त्यात धडपडला, पुन्हा उठला. पलीकडच्या चढावर आला तेव्हा सारजाचं अंगण उन्हानं भरून गेलं होतं. टोपलीवर हळदकुंकू वाहिलेलं होतं. दगड बाजूला ठेवला होता. पोर उंबऱ्यात बसून टाळ्या पिटत होतं आणि सारजा एका हातानं टोपली उचलून दुसरा हात आत घालायला वाकली होती.

“हात मागं घे!” हरबा जीव खाऊन किंचाळला. “मी चुकलो! चुकलो मी!”

सारजानं हात मागे घेतला. टोपली तिच्या हातून सुटली आणि कलंडली. आणि त्याच क्षणी असा फुत्कार उठला की उंबऱ्यातलं पोर भोकाड पसरून रडू लागलं. सापानं झेप घेतली ती टोपलीच्या कडेवर. एक वीत अलीकडे सारजाची बोटं होती. सारजानं पोराला उचललं आणि ती भिंतीला जाऊन टेकली.

उन्हात आता सगळं लख्ख दिसत होतं. तिकोनी डोकं. पाठीवर साखळीच्या तीन ओळी. निमुळतं शेपूट. हरबानं तिन्ही पाहिली, सावकाश, एकेक करून.

“रानची,” तो म्हणाला. “घोणस हाय.”

मग अंगणातला लांब बांबू घेऊन त्यानं घोणशीला मडक्यात घातलं, तोंडावर फडकं बांधलं आणि मागे वळून पाहिलं. सगळं गाव कुंपणापाशी येऊन उभं होतं. ताशे केव्हाच बंद झाले होते. त्याचं ते अर्धं भादरलेलं तोंड पाहून कुणीतरी फिस्सकन हसलंही.

हरबाचे डोळे भरून आले. “मी शेपूट बघितलं न्हवतं,” तो म्हणाला. “डोकंबी न्हाई. मांडवाकडं जायची घाई झाली व्हती. दिलेला शब्द मी मागं घेतो. काठी दुसऱ्या कुणाला द्या.”

पाटील खाकरले. “हरबा, पोरीचा जीव वाचवलास, गाव इसरणार न्हाई. पर रीत ती रीत. शब्द मागं घेणाऱ्याला काठी न्हाई.”

“पाटील,” मागून आवाज आला. गर्दी बाजूला झाली. भानाजी काठी टेकत पुढे आले. “चाळीस वर्सं ही काठी माझ्या हातात हाय. चाळीस वर्सांत मी शब्द मागं घेतला न्हाई, म्हणून तुमी मला मोठा म्हणता. न्हवं?”

“म्हणजे काय आबा! तुमच्यावाणी राखणदार झाला न्हाई.”

“एकदा घ्याया पायजे व्हता. घरी गेल्यावर शंका आली मला. रीत आठवली, लाज आठवली, आन् मी गप बसून ऱ्हायलो. दुपारी माणूस गेला. तुमी सगळे म्हणालात, त्याचं आयुष्यच तेवढं. मी मान हालवली. तवापासून त्याच्या दारावरून जाताना मला वर बघता येत न्हाई.”

कुणाचा माणूस, हे विचारायची गरज गावाला पडली नाही. एका म्हातारीनं तेवढा पदर तोंडाला लावला. भानाजींनी तिच्याकडे पाहून हात जोडले.

मग त्यांनी काठी हरबाच्या हातात दिली. हरबा मागे सरकला, तर म्हाताऱ्यानं त्याची बोटं धरून ती काठीवर मिटवली. पाटलांनी बरोबर आणलेल्या फेट्याकडे पाहिलं, हरबाच्या अर्ध्या दाढीकडे पाहिलं, आणि गालावर साबणाचा फेस वाळलेला असतानाच त्याच्या डोक्यावर स्वतःच्या हातांनी फेटा बांधला.

त्या दिवसापासून गावानं दोन गोष्टी बदलल्या. सापाला, मग तो घरचा असला तरी, हात लावणं बंद झालं, त्याला काठीनंच उडवीत सोडायचं. आणि राखणदारासाठी तिसरा शब्द ठरला: ‘थांबा’. हरबा तो शब्द फार वेळा बोलायचा. लोक कधी कंटाळायचे, कधी चेष्टा करायचे, पण टोपलीभोवती थांबायचे. तो राखणदार असेपर्यंत त्या गावात सर्पदंशानं एकही माणूस दगावला नाही.

तात्पर्य इतकंच: चुकीचा शब्द जाणत्याच्याही तोंडून निघतो, तो वेळेवर मागे घ्यायची लाज वाटली, तर त्याचं विष दुसऱ्याला चढतं.