दोन तोंडांचं नाणं

"उद्या दुपारपर्यंत अस्संच नाणं पाडून दे, नाहीतर तुझा अंगठा गेला म्हणून समज!" राजाने टाकसाळीत घण मारणाऱ्या विण्हूला हुकूम सोडला.

नाणं होतं रोमकांचं, म्हणजे समुद्रापल्याडच्या रोमच्या लोकांचं, सागरपट्टणच्या बंदरात मिऱ्यांच्या बदल्यात आलेलं. एका बाजूला त्यांच्या राजाचा चेहरा उठून आलेला, दुसऱ्या बाजूला तोच चेहरा आत रुतलेला. त्या राजाला नाण्यावर दोन तोंडं आणि आपल्याला एकच, हे काही आमच्या राजाला पचेना.

विण्हू घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. त्याची लेक सामा मात्र खुदकन हसली. बापाची भाकरी पोचवता पोचवता तिने सगळी टाकसाळ बघून घेतली होती.

"बाबा, ही तर चूक आहे. आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं आणि न बघताच पुढचा घाव घातला, की त्याच्यावरचा चेहरा नव्या नाण्यात रुततो. रोमकांचा घणवाला पेंगला असणार."

"ते मला ठाऊक नाही होय? पण चुकीचं नाणं पाडणाऱ्याचा अंगठा तोडायचा, हा कायदाही याच राजाचा. पाडलं तरी गेला, नाही पाडलं तरी गेला. मग घण कशाने धरू, पोरी?"

सामाचं हसू मावळलं. बराच वेळ ती बापाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दरबार टाकसाळीत भरला. सामाने वरच्या ठशाला राजाचंच एक नाणं लाखेने गुपचूप चिकटवून ठेवलं होतं. तिने हात जोडले.

"महाराज, असं नाणं नोकराच्या हातून पडलं तर त्यात मोठेपणा कसला? घाव तुम्हीच घाला."

राजा फुलून गेला. सामाने ठसा धरला, राजाने घण हाणला. नाणं निघालं, एका बाजूला उठलेला राजा, दुसऱ्या बाजूला रुतलेला! राजा ते सगळ्यांना दाखवत सुटला.

"महाराज, आता अंगठा?" सामाने हळूच विचारलं.

"कुणाचा?"

"रोमकांच्या घणवाल्याचं लक्ष नव्हतं, म्हणून तसं नाणं पडलं. हेही तसलंच, चुकीचं. कायदा तुमचा आणि घावही तुमचाच."

विण्हूने डोळे मिटून घेतले. राजाने अंगठा झटकन मुठीत लपवला.

"प्रधानजी, तो कायदा आपण कालच रद्द केला ना?"

"परवाच, महाराज."

राजाला हसू आवरेना. त्याने हातातलं सोन्याचं कडं उतरवून सामाला दिलं, वर ते नाणंही दिलं.

"घेते, महाराज. पण हे कुणी पाडलं म्हणून विचारलं, तर काय सांगू?"

"सांग, रोमकांनी!" म्हणत राजा पुन्हा पोट धरून हसायला लागला.