मिरी मुंगी आणि जीपआजीचा थेंब

डोंगराच्या पायथ्याला एक गॅरेज होतं. गॅरेजमध्ये एक जुनी जीप होती. दगडधोंडे, चिखल, ओढे, सगळं पालथं घालून दमलेली. तिला सगळे जीपआजी म्हणायचे.

जीपआजीच्या पोटाखाली, फरशीत एक भोक होतं. एवढंस्सं. ते होतं मिरी मुंगीचं दार. आत तिची दोन बाळं होती. दोन्ही भुकेली होती.

मिरी एक तीळ घेऊन घरी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. दाराशी पोचली, आणि वरून आलं काय?

टप.

काळाकुट्ट तेलाचा थेंब. तीळ बुडाला. पुन्हा टप. पुन्हा टप. दाराशी तेलाचं डबकं झालं. मिरी बाहेर, बाळं आत. मिरीला रडूच आलं. पण रडत बसायला वेळ कुणाला होता?

मिरी गेली जीपआजीकडे. तुरू तुरू, तुरू तुरू.

"जीपआजी, जीपआजी, थांब ना.
माझं दार काही सुकत नाही."

जीपआजी म्हणाली, "माझा एक नट सैल झालाय गं, म्हणून तेल गळतंय. पाना आवळेल, तर मी गळायची थांबेन."

मिरी गेली पान्याकडे. तुरू तुरू, तुरू तुरू.

"पानादादा, पानादादा, आवळ ना.
जीप थांबत नाही,
माझं दार काही सुकत नाही."

पाना म्हणाला, "नट तर ढीगभर आहेत. कुठला आवळू? मावशी दाखवेल, तर मी आवळेन."

मावशी म्हणजे शेवंतामावशी. या गॅरेजची मेस्त्री. कपाळावर ग्रीसची टिकली. मिरी गेली मावशीकडे. तुरू तुरू, तुरू तुरू.

"मावशी, मावशी, दाखव ना.
पाना आवळत नाही,
जीप थांबत नाही,
माझं दार काही सुकत नाही."

मावशीने वाकून पाहिलं. इकडे तेल, तिकडे तेल, जिकडे तिकडे तेलच तेल. मावशी म्हणाली, "यात मला काय दिसणार? चिंधी पुसेल, तर मी दाखवेन."

मिरी गेली चिंधीकडे. चिंधी खिळ्यावर झोके घेत होती.

"चिंधीताई, चिंधीताई, पूस ना.
मावशी दाखवत नाही,
पाना आवळत नाही,
जीप थांबत नाही,
माझं दार काही सुकत नाही."

चिंधी म्हणाली, "पुसेन गं. पण नवा थेंब कुठे पडतो, ते कळणार कसं? पुठ्ठा पसरेल, तर मी पुसेन."

मिरी गेली पुठ्ठ्याकडे. पुठ्ठा गॅरेजच्या उंबऱ्याशी पडला होता.

"पुठ्ठेराव, पुठ्ठेराव, पसरा ना.
चिंधी पुसत नाही,
मावशी दाखवत नाही,
पाना आवळत नाही,
जीप थांबत नाही,
माझं दार काही सुकत नाही."

पुठ्ठेराव कण्हत म्हणाले, "पसरू कसा? अंगावर हा बोका. बोका उठेल, तर मी पसरेन."

मिरी चढली पुठ्ठ्यावर. बोका घोरत होता. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"बोकोबा, बोकोबा, ऊठ ना.
पुठ्ठा पसरत नाही,
चिंधी पुसत नाही,
मावशी दाखवत नाही,
पाना आवळत नाही,
जीप थांबत नाही,
माझं दार काही सुकत नाही."

बोक्याने एकच डोळा उघडला. "ऊन कसं छान लागतंय. सूर्य सरकेल, तर मी उठेन."

आली का पंचाईत. सूर्य तिकडे वर, मिरी इकडे खाली. मिरी उंबऱ्यावर चढली. मागच्या पायांवर उभी राहिली. तिथूनच तिने हाक मारली.

"सूर्यदादा, सूर्यदादा, सरक ना.
बोका उठत नाही,
पुठ्ठा पसरत नाही,
चिंधी पुसत नाही,
मावशी दाखवत नाही,
पाना आवळत नाही,
जीप थांबत नाही,
माझं दार काही सुकत नाही."

सूर्यदादा 'तर' म्हणालाच नाही. तो हसला. "अगं, मी तर सरकतोच आहे. बघ."

ऊन सरकलं. सावली आली. बोका उठला, आऽऽ करून आळस दिला आणि निघून गेला. पुठ्ठा पसरला, फट्ट. चिंधीने पुसलं, खस खस, खस खस. जीपआजी लख्ख झाली.

मग मावशी काय करत बसली? डबा खात बसली. मावशीची रीतच तशी. आधी पुसायचं, मग थांबायचं, मग बघायचं. मावशी भाकरी खात होती आणि मिरी पुठ्ठ्याकडे टक लावून बघत होती.

टप.

पुठ्ठ्यावर काळा ठिपका. मावशीने बरोब्बर त्याच्या वरचा नट दाखवला. पान्याने आवळला, कर्र कर्र. झालं, सगळे खूश.

टप.

अरेच्चा. मावशी बघते पान्याकडे, पाना बघतो मावशीकडे. आणि मिरी? मिरी चढली की वर. तेलाच्या ओघळाच्या कडेकडेने चढली. तुरू तुरू, तुरू तुरू. ओलं. आणखी वर, ओलं. आणखी वर, ओलंच. आणखी वर, कोरडं. मिरी तिथेच थांबली.

"मावशी, इथून वर सगळं कोरडं आहे."

मावशीने बॅटरी मारून पाहिलं. इंजिनाच्या झाकणाचा एक नट, अगदी कोपऱ्यातला, हलत होता डुगडुग. मावशीने कपाळाला हात लावला. "थेंब पडतो खाली, पण निघतो वरून. घाई केली आणि मीच विसरले बघ."

मावशीने नट दाखवला. पान्याने आवळला, कर्र कर्र, कर्र कर्र. आता कान द्या बरं. टप वाजतंय का? नाही. आणखी थोडं थांबा. आता? नाहीच. जीपआजी थांबली.

चिंधीने मिरीचं दार पुसलं. दार सुकलं. मावशीने डब्यातला तिळाचा लाडू फोडला आणि दाराशी तीन तीळ ठेवले. म्हणाली, "एक बुडाला त्याचा. आणि दोन, नट शोधलास त्याचे."

मिरी आत गेली. बाळांनी विचारलं, "आई, एवढा उशीर?" मिरी म्हणाली, "जीपआजीला बरं नव्हतं रे. आता बरं आहे." आणि तिघांनी एकेक तीळ खाल्ला, कुटुम कुटुम.

जीप गेली डोंगरात, मिरी गेली घरात, आणि गोष्ट राहिली तुमच्या कानात.