नगराध्यक्षांचं तोंड

“कुबलांच्या ऋजुताने नगराध्यक्षांच्या तोंडाला काळं...” एवढंच बायांच्या बोलण्यातलं कानावर पडलं आणि गिरणी घरघरू लागली. मला कुठलं राहवतंय! दळण तिथेच ठेवून मी मासळीबाजाराकडे पळाले.

ऋजुता आमच्या शेजारची. सार्वजनिक कलेत एम.ए. करते. परीक्षेसाठी बाजाराच्या भिंतीवर ती कोळणी रंगवत होती आणि परीक्षक सोमवारी येणार होते. पोरगी शांतपणे रंग कालवत बसली होती.

“काय केलंस गं बाई?”

“काकी, साहेब आले होते. म्हणाले, मधोमध माझा चेहरा काढ, नाहीतर उद्या भिंतीला चुना मारतो.”

“मग?”

“मी म्हटलं, काढते की! पण साहेब, निवडणूक जवळ आलीय. आचारसंहिता लागली की पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांवर कागद चिकटवतात. ऐन मतं मागायच्या दिवसांत भरबाजारात तोंड झाकून उभे राहाल?”

“आणि ते?”

“मग म्हणाले, कोळणीच बऱ्या दिसतात.”

मी हसतच गिरणीत परतले आणि बायांना सांगितलं, “काळं नाही गं फासलं. तोंड बंद केलं, तेवढं खरं!”