भाऊसाहेबांची कोनशिला

प्राणिसंग्रहालयाच्या शिक्षण केंद्रात एकच गळकी खोली होती. शाळेची सहल आली की अर्धी मुलं आत शिकायची आणि अर्धी बाहेर उन्हात तळायची. म्हणून शिक्षण अधिकारी रेवती दुरुस्तीचा आणि दोन नव्या खोल्यांचा आराखडा घेऊन उद्यान समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब धुमाळ यांच्यासमोर उभी राहिली.

"पोरी, मुलं इथं माकडं बघायला येतात. त्यांना वर्ग कशाला हवेत? जुन्याच खोलीला रंग मारा आणि दारापाशी माझ्या नावाची कोनशिला बसवा!"

सगळ्या सभासदांनी माना डोलावल्या. रेवतीच्या मस्तकात तिडीक गेली, पण ती जागची हलली नाही.

"बसवते ना, भाऊसाहेब. फक्त त्या खोलीच्या भिंती आधीच्या अध्यक्षांच्या कोनशिलांनी भरल्यात. आता एकच भिंत मोकळी आहे, पाणघोड्याच्या पिंजऱ्याची."

"मग तिथं लावा. अडचण काय आहे?"

"काहीच नाही. इथं लोक आधी पाटी वाचतात आणि मग आत डोकावून बघतात, एवढंच."

एका सभासदाला ठसका लागला, दुसऱ्याचा चहा सांडला. भाऊसाहेबांनी आराखडा पुढं ओढला आणि सही करता करता दरडावलं, "नव्या खोल्यांची दर्शनी भिंत मोठी ठेव!"