वेशीचा कोंबडा आणि सोन्याचं ताट

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर तेव्हा नगरात घड्याळ नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. वेशीवर एक तांबडा कोंबडा राहायचा. तो आरवला की दरवाजे उघडायचे आणि नगराचा दिवस सुरू व्हायचा.

त्या कोंबड्याचा मान मोठा. लग्न असो, मुंज असो, कार्याचा पहिला घास त्याच्यापुढे ठेवायचा असा रिवाज होता. नगर भरभराटीचं, त्यामुळे रोज कुठे ना कुठे कार्य असायचंच. पापड, लोणचं, खारवलेली मासळी, तेलकट भजी, सगळं त्याच्यापुढे यायचं. कोंबडा बिचारा सगळ्यांचं मन राखायचा.

मन राखता राखता तो आजारी पडला. तुरा काळवंडला, पिसं विस्कटली, आणि एका पहाटे तो आरवलाच नाही. दरवाजे ढोल वाजवून उघडावे लागले. नगराच्या छातीत धस्स झालं.

कोंबड्याची निगा धुरपा नावाच्या बाईकडे होती. अंड्यातून बाहेर आला तेव्हापासून तिनंच त्याला वाढवलेलं. हे खाणं त्याला सोसणारं नाही, हे तिला कधीचं ठाऊक होतं. पण मोठ्या घरची ताटं यायची आणि ती खाली मान घालून बाजूला व्हायची. आज तिनं त्याला मांडीवर घेतलं, गळ्याखालची पिशवी चाचपली. पिशवी फुगून दगडासारखी झालेली. आपण इतके दिवस गप्प बसलो याची तिला फार लाज वाटली. तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि खुराड्यापुढे ठाण मांडलं.

त्या दिवसापासून ती आलेलं प्रत्येक ताट परत पाठवू लागली. लोक चिडले. "शुभकार्याचा घास परत करते म्हणजे काय? बाई डोक्यावर पडली का?"

तिसऱ्या दिवशी राजपुत्राचं बारसं होतं. खुद्द राजा सोन्याचं ताट घेऊन आला. मागे मुदपाकखान्याचा मुख्य आचारी, मिशीला पीळ देत. ताटात मसालेभात, लोणचं आणि तळणीचे पाच प्रकार.

धुरपा जागची हलली नाही. "म्हाराज, तुमच्या ताटाला मी पाया पडते. पर ह्यातला एक कण बी त्याच्या पोटात जायचा न्हाई. मीठ त्याला ईख हाय."

"मग तू काय खायला घालतेस?" राजानं विचारलं.

"पयलं दोन दिस नुसतं पानी पाजलं. आता पिशवी मऊ झालीया. आता जोंधळ्याचा भरडा, मेथीचा पाला, काकडीच्या बिया. आन हे." तिनं मूठ उघडली. मुठीत नदीची बारीक खडी होती.

आचारी ओरडलाच. "महाराज, ही त्याला दगड चारते! माझ्या हातचं नाकारून दगड!"

"त्याला दात कुठं हायेत, आचारीबुवा? पोटात जातं हाय त्याच्या. जात्याला दगुड नको?"

"मग मिरची पण चालत असेल!" असं म्हणून आचाऱ्यानं कमरेच्या पिशवीतल्या दोन लाल मिरच्या भिरकावल्या. दोन दिवसांचा उपाशी कोंबडा पुढे झाला आणि त्यानं त्या बियांसकट फस्त केल्या. कोंबड्यानं चोच जमिनीला पुसली आणि आणखी आहेत का, म्हणून आचाऱ्याकडे पाहिलं.

"चालतीय की," धुरपा म्हणाली. "पाखराला तिखट लागत न्हाई. पर कच्चा घेवडा, बुरसटलेल्या शेंगा, एरंडाच्या बिया नगं. गोड वाटो, तिखट वाटो, आपल्या जिभेला इचारून त्याचं पोट कळत न्हाई."

राजा हसला नाही. "पाच दिवस देतो. सहाव्या पहाटे तो आरवला नाही, तर तुला हे नगर सोडावं लागेल."

पाच दिवस धुरपानं कोंबड्याला डोळ्यांआड केलं नाही. वारुळाची माती उकरून वाळवी चारली, चुलीतली राख पसरून त्यात त्याला लोळवलं. तुऱ्यावर तांबूस झाक आली, पण आवाज काही फुटेना. पाचव्या दिवशी तिनं आपलं बोचकं बांधून ठेवलं.

सहाव्या पहाटे सारं नगर वेशीशी जमलं. पूर्वेला तांबडं फुटलं. कोंबडा भिंतीवर चढला, पंख झाडले आणि नुसताच उभा राहिला. आचाऱ्यानं मिशीला पीळ दिला. धुरपानं बोचकं उचललं.

आणि मग कोंबडा आरवला! असा आरवला, की नदीपलीकडच्या गावातले कोंबडे उत्तराला उठले. दरवाजे धाडकन उघडले. लोकांनी धुरपाला बोचक्यासकट खांद्यावर घेतलं. ती हसत होती, रडत होती, आणि खांद्यावरूनच ओरडत होती, "आरं, त्याला पानी ठेवा आधी!"

पुढे राजकन्येचं बारसं झालं, तेव्हा राजा पुन्हा सोन्याचं ताट घेऊन वेशीवर आला. आचारी ताट धरून होता. ताटात मूठभर जोंधळ्याचा भरडा होता, मेथीची चार पानं, आणि एका बाजूला चिमूटभर नदीची खडी, स्वतः आचाऱ्यानं धुऊन, निवडून आणलेली.

तात्पर्य: आपल्याला जे आवडतं ते देणं सोपं असतं, दुसऱ्याला जे मानवतं ते देणं, हीच खरी माया.