साहेबांच्या मांडीला मांडी

ओढ्याला बारमाही पाणी असायचं, तेव्हाची गोष्ट. त्या ओढ्यावरच्या पाणचक्कीच्या चाकाला पट्ट्याने एक छोटं जनित्र जोडलेलं होतं. त्यात एक चुंबक जागच्या जागी बसलेला असे आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी त्याच्यासमोर गरगर फिरत असे. त्या फिरण्यातून वीज निघे आणि गजराबाईंच्या खुराड्यातला दिवा जळे. दिव्याच्या उबेला कोंबडीची पंचवीस पिल्लं होती.

एक दिवस गुंडाळी म्हणाली, "साहेब, शक्ती सगळी तुमची. मी जवळ येते न येते तोच लांब जाते. मला कायमचं जवळ बसू द्या."

"बसा की," चुंबक म्हणाला. तो कुणालाच नाही म्हणत नसे.

गुंडाळी त्याच्या अगदी मांडीला मांडी लावून बसली. चाकाचा पट्टा नुसता घसरत राहिला आणि दिवा विझला.

गजराबाई धावत आल्या. "अगं, पिल्लं गारठली!"

"हळू बोला," गुंडाळी म्हणाली. "साहेबांची एवढी शक्ती माझ्यात आजवर कधी नव्हती."

"असेल. मग दिवा लाव."

गुंडाळीने बराच जोर लावला. शेवटी तिने चुंबकाकडे पाहिलं.

"मी काही हात आखडता घेतलेला नाही," तो म्हणाला. "दिवा कसा लागतो ते मला विचारू नका, मी कधी हललेलो नाही. तुम्ही ये-जा करत होतात तेव्हा तो जळत होता, एवढं पाहिलंय."

खुराड्यातला चिवचिवाट कमी होत चालला होता. गुंडाळी उठली आणि पुन्हा फिरू लागली. साहेबांपासून ती वीतभरही लांब गेली नव्हती, तोच दिवा लागला.